वेगाचा रकाना

(आईच्या घरातलं जेवणाचं टेबल. दुपारचे सव्वातीन. उघडा लॅपटॉप, शेजारी सहीचा कागद.)

आई : थांब, थांब. हा आकडा पुन्हा वाच.

लेक : वेग, ब्याण्णव.

आई : कुणाचा?

लेक : तुझा! दुसरं कोण बसलंय इथे? नव्याण्णवपैकी ब्याण्णव. आणि मी नाही हं दिलेला. नातेवाइकांनी आकड्याला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियमच आहे. आमच्या सरांनी काढलाय. मी फक्त कागद घेऊन आलेय. खेळाडू हयात असेल तर तिला आकडे दाखवून सही घ्यायची. पाचला यादी बंद होते. कर सही.

आई : सही केली की काय होणार?

लेक : तू आमच्या व्हिडिओ गेममध्ये! पन्नास वर्षांपूर्वीचा तुमचा फुटबॉलचा संघ घेतोय आम्ही. कुठलीही पोरगी घरबसल्या तुला संघात घेऊन खेळेल. पाठीवर पाच नंबर, तुझी ती आखूड वेणी, सगळं. एकूण रेटिंग पंच्याहत्तरच्या खाली असेल तर कुणालाच घेत नाहीत, आणि तू एकोणऐंशी! अख्ख्या ऑफिसला सांगून बसलेय मी, पाच नंबर माझी आई आहे म्हणून.

आई : चष्मा दे माझा. मला संघात काय म्हणायच्या, ठाऊक आहे? बैलगाडी.

लेक : चिडवत असतील गं.

आई : चिडवत नव्हत्या, वर्णन करत होत्या. बरं, आमच्या वीजला किती दिलेत?

लेक : वीज म्हणजे अकरा नंबर ना, तुझी ती विंगर मैत्रीण? तिला नव्याण्णव. तसे नव्याण्णव पाच जणींना मिळालेत.

आई : पाच? तिच्या बरोबरीनं पळणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. कशावरून काढलेत हे आकडे?

लेक : फिल्मवरून. तुमच्या गोलकीपरच्या वडिलांनी मॅचची फिल्म घेतली होती, अकरा मिनिटांची. तिच्या ट्रंकेत सापडली. तेवढाच पुरावा आहे तुमच्या खेळाचा. बाकी वर्तमानपत्रात नुसते निकाल.

आई : लाव बघू.

लेक : ही बघ. ही तू. कशी सुसाट जातेयस!

आई : अगंबाई. हा रेफरी बघ.

लेक : त्याचं काय?

आई : हा आमचा नेहमीचाच. गुडघा गेला होता त्याचा, लंगडायचा बिचारा. मैदानाच्या मधोमध उभा राहून शिट्ट्या मारायचा. इथे बघ, हरणासारखा उड्या मारतोय.

लेक : पुन्हा दाखव.

आई : तूच दाखव, मला बटणं कुठे कळतात? काय बघतेयस एवढं वाकून?

लेक : आई, ही फिल्म सेकंदाला सोळा फ्रेमनी घेतलेली असणार. आम्ही चोवीसनी फिरवलीय. दीडपट वेगात पळतायत सगळ्या.

आई : तरीच!

लेक : माझीच चूक आहे. डिजिटल करून मीच आणली. दुकानवाल्यानं विचारलं होतं, वेग किती ठेवू? मी म्हटलं, नेहमीचाच. इतके दिवस आम्ही आठ जण ही फिल्म बघतोय, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आई : आता आलं ना? मग सांग त्यांना.

लेक : सांगू? वेग साठावर आला की तुझं एकूण बहात्तर होईल. तू बाहेर. आई, हे बघ, कुणाला कळणार नाहीये.

आई : आपल्या दोघींना कळलंय.

लेक : तुला नकोय का हे?

आई : मला नको? तू सांगितलंस त्या दिवसापासून धड झोप नाही मला. पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही गं, बाई, तू काय खेळायचीस. तुझ्या मामाला तर आजही वाटतं, आम्ही संध्याकाळी हवा खायला जायचो. पण आता विचारलंय, तर मला विचारा. ही ब्याण्णववाली कोण आहे, मी ओळखत नाही हिला. ती आत गेली म्हणून मी गेले, असं होतं का?

लेक : नाही.

आई : आणि वीजच्या पंक्तीला आणखी चार बसवल्यात तुम्ही. ती गेली वर्षापूर्वी. असती तर उठून भांडली असती. लाव फोन.

लेक : सर? मी घरून बोलतेय. आईच्या. नाही, सही नाही झाली. सर, फिल्म चुकीच्या वेगानं फिरवलीय आपण. मी. मी फिरवलीय. सगळ्यांचा वेग फुगलाय. स्पीकरवर घेतेय, आई पण आहे.

सर : पावणेचार वाजलेत. पाचला कुलूप लागतं यादीला. हे आत्ता सांगताय?

लेक : आत्ताच कळलं, सर. रेफरीवरून.

सर : रेफरी? हं. थांबा, मी इथे सोळानी लावतो. बरोबर आहे. आता माणसं माणसांसारखी चालतायत. नमस्कार, काकू. फार वाईट वाटतंय, पण तुम्ही बाहेर जाताय.

आई : वाईट वाटून घेऊ नका. मला आधी एक सांगा, हा खालचा रकाना काय आहे? जागेची जाण, पन्नास.

सर : पुरावा नसला की आम्ही पन्नास ठेवतो. फिल्ममध्ये तुम्ही नुसत्या पळताना दिसत होता. त्यातून जाण कशी कळणार?

आई : आता पळतेय का?

सर : नाही. आता तुम्ही चालताय.

आई : मग थांबवा तिथेच. चेंडू कुठे आहे?

सर : समोरच्या संघाच्या नऊ नंबरच्या पायात.

आई : आणि मी?

सर : पार उजवीकडे. रिकाम्या जागेत. तिथे कुणीच नाही.

आई : आता पुढे न्या.

सर : नऊ नंबरनं पास दिला. तो... तुमच्याकडेच आला.

आई : पुढचा बघा.

सर : पुन्हा तुमच्याकडे. काकू, हात कशाला करताय इथे?

आई : डावीकडच्या पोरीला सांगतेय, मागे ये म्हणून. बघा, आली. आला की नाही चेंडू तिथे? सगळ्या म्हणायच्या, ही उंटावरून शेळ्या हाकते. हाकत होते. पण शेळी एकही हरवली नाही हो.

लेक : सर, मीही इथे सोळानी लावून मोजतेय. अख्ख्या फिल्ममध्ये नऊ वेळा. नऊच्या नऊ वेळा चेंडू निघायच्या आधी ही पोचलेली आहे. दीडपट वेगात सगळी धावपळच दिसायची, म्हणून हे दिसलंच नाही आपल्याला.

सर : बोलू नका जरा. मला बघू द्या.

आई : बघा, निवांत बघा. माझी आई ओरडायची, पोरी, पळून पळून पाय मोडून घेशील. मी म्हणायचे, पळतंय कोण?

लेक : हे मला कधी सांगितलं नाहीस.

आई : तू कधी खेळाचं विचारलंस? मोजे कुठे ठेवलेत, एवढंच विचारायचीस.

सर : काकू, नवव्या वेळी त्यांच्या नऊ नंबरनं हात जोडलेत तुम्हाला. हे आता दिसलं.

आई : हो, हो! मॅच संपल्यावर ती शोधत आली होती मला. म्हणाली, बाई, माझ्या मनातलं तुला आधी कसं कळतं? तो दिवस मी विसरले नाही.

सर : जागेची जाण मी पंच्याण्णव देतोय. पुराव्यानिशी. आमच्या अख्ख्या यादीत एवढी कुणाचीच नाही, पुरुषांतसुद्धा. वेग साठ. एकूण येतात सत्त्याहत्तर.

लेक : आई! सत्त्याहत्तर!

आई : ऐकलं मी. वेग अठ्ठावन्न करा.

लेक : अगं, घासाघीस करतेयस, तीही उलटी?

आई : साठ म्हणजे मी बसही पकडली असती कधीतरी. अठ्ठावन्नच.

सर : अठ्ठावन्न. तरी आत आहात तुम्ही, काकू. मॅडम, बाकीच्या दहा जणींचे आकडे आता आपण दोघं पुन्हा काढू. पाचच्या आत. चुकीचं उद्या बोलू.

लेक : हो, सर. लगेच बसते.

आई : सर, वीजपासून सुरू करा.

सर : अकरा नंबर ना? नव्याण्णववाल्या पाचही जणी मी बोलता बोलता काढल्या. बाकी चौघी ऐंशीच्या आत आल्या. ही त्र्याण्णव. आता वेगात हीच एकटी वर आहे.

आई : एकटीच?

सर : एकटीच.

लेक : आई, पेन घे. डोळे पूस आधी, कागद भिजेल.

आई : दे. आणि तो तिचा भाग लाव गं पुन्हा. बघ, एवढी हळू केलीत फिल्म, तरी कुणाच्या हाताला लागत नाही.