पाच लिटरची अट

...आणि भजी नाही! तुम्हाला सांगतो, दिवाळीपासून आमच्या घरात एक भजं तळलेलं नाही, आणि अपराध काय माझा? केबिन रोडला आमच्या सोसायटीचं गटार तुंबलं, प्लंबरने आतून पांढरे लोंदे काढले, म्हणून सेक्रेटरी या नात्याने मी सूचना लावली, की तळणाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नये, गार करून, गाळून, डब्यात साठवावं, नेणारा माणूस येतो. आता ती सूचना इमारतीत वाचली कोणी? फक्त आमच्या बायकोने, नीलिमाने! गणपतीचे तळणीचे मोदक, दिवाळीच्या चकल्या... साडेचार लिटर साठवलं, आणि वर जाहीर केलं, "हा चिकट डबा माझ्या ओट्याखालून हलत नाही तोवर कढई चढणार नाही!"

लावला फोन. तेल नेणारा जितेंद्र म्हणतो, "काका, पाच लिटरच्या आत गाडी नाय येत."

म्हणजे बघा हं, भरल्याशिवाय डबा जाणार नाही, तळल्याशिवाय भरणार नाही, आणि गेल्याशिवाय तळणार नाही! आणि भजी नाही!

निघालो दारोदार. समोरच्या हंसाबेन म्हणाल्या, "उत्तमभाई, हमारे यहाँ तेल बचता किधर है? पूरी का तेल थेपले में जाता है!" शेवटी वरच्या मजल्यावरची मंदा, मूळची राई गावची, स्टीलचा डबा घेऊन खाली आली. "भावजी, बोंबील तळल्याचं हाय. चालंल न्हाय?"

"वहिनी, मगर तळलेली असली तरी द्या!"

भरले पाच लिटर! काल जितेंद्र आला, डबा उचलला, गेला. आणि तुम्हाला सांगतो, तासाभरात स्वयंपाकघरातून कांदा चिरल्याचा आवाज... मग चर्रर्र... मी पेपर उलटा धरून बसलोय! आत गेलो तर नीलिमा खमंग कांदाभजी मंदाच्या स्टीलच्या डब्यात भरतेय. काठोकाठ!

"अगं, हे काय?"

"शेजारणीचा डबा रिकामा परत देतात का कधी?"

खरंय. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तिच्याशी वाद घालणारा मी कोण? पण म्हटलं, "आणि आपल्याला?"

तिने ओट्याखाली बोट दाखवलं. जितेंद्र जाताना नवा डबा ठेवून गेला होता. "तो हलेपर्यंत नाही."

भजी गेली वरच्या मजल्यावर. मी काय केलं? तेल गार केलं, गाळलं, नव्या डब्यात ओतलं... आता फक्त पावणेपाच लिटर कमी आहे. तुमच्या घरी उरलंय का हो थोडं?