बॅटरीची हाक

शहाद्याच्या गुरांच्या दवाखान्यात आशा शेळी घेऊन बाकावर बसली होती. शेजारी ब्राह्मणपुरीहून आलेल्या रुखमाबाई पायाशी निजलेल्या कुत्र्यावर हात ठेवून होत्या. पलीकडच्या म्हाताऱ्याने त्यांना विचारलं,

“काय व्हयनं त्याले, बहीन?”

“महिना व्हयना, धड भाकर खास नै, दादा.”

“नाव लीसन हाक मारी देख.”

“बहिरा शे तो. मन्हा मालकनी त्याले विसरवाडीना हायवेवरथीन आणा. ट्रक मांगे भोंगा वाजाडी ऱ्हायंता, नि हाऊ रस्तामा बशेल व्हता.”

“मंग घर बलावतस कसं?”

“मालक सांजले खेतमाथीन येतांना बॅटरी चमकाडेत. उजेड दखा का हाऊ पळत जाये.”

“आते?”

“मालक गया महिनामा वारनात. घरमा इतली रडारड व्हयनी, नि हाऊ कोपरामा निजेलच व्हता.”

आशाचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

“मंग आते बॅटरी कोन दखाडस?”

“मीच. खेतना रस्तावर जास नि दखाडस.”

“येस का?”

“येस ना, दादा. पळत येस, मन्हा हात हुंगस. मंग मन्हा मांगे देखत उभा ऱ्हास.”