रेहेमाची ताटली

रमजानातली दुपार. मोम्बासाच्या सरकारी दवाखान्यात सकाळपासून बसून माझे गुडघे आखडले होते, आणि शेजारची पोर सगळ्यांदेखत आपल्या आईवर खेकसत होती. लाज म्हणून नाही हल्लीच्या पोरींना.

"आत गेल्यावर डॉक्टरांना सांग, रोजे माफ असूनही का जेवत नाहीस ते."

"भूक नसते गं, झुहुरा."

"बटाटे उकडून देते, बिनमिठाचे. कोण करतं एवढं?"

"उकडलेल्याला चव कुठली? हळदीच्या पिठात बुडवून तळावा, वर चिंचेची चटणी घालावी, मग—"

"मग साखर चढते, प्रेशर चढतं! म्हणूनच कढई माळ्यावर टाकली मी."

"मला खायला नकोय कढई."

"मग कशाला हवी?"

"गेल्या आठवड्यात शेजारच्या रेहेमाने समोसे धाडले. तू तिची ताटली तशीच परत दिलीस."

"घासूनपुसून दिली होती!"

"रिकामी दिलीस. तीस वर्षांचे रमजान झाले, माझी भजी घातल्याशिवाय तिची ताटली परत गेली नाही. आता संध्याकाळी कडी वाजली की मी झोपेचं सोंग घेते."

"तळायला बसलीस की खाशीलच तू."

"दोन खाईन. तेवढं तरी पोटात जाईल."

 आता मला राहवेना.

"झुहुरा, तिची साखर मोज, तेलही मोज. पण आज घरी गेलीस की आधी कढई खाली काढ. आणि रेहेमाच्या दारात भजी घेऊन तूच उभी राहा."