थ्रशली खुर्दची घंटा

ऊर्मी : ...आणि बदकं पण नव्हती, आबा. तळं आहे. त्यात सुपरमार्केटची एक ट्रॉली पडलीय.

आबा : पंचावन्न वर्षांत बदकं मरणारच की गं. माझ्या वेळी रांगेनं दवाखान्यात यायची. वजनकाट्यावर एकेक चढायची आणि आकडा बघून मान खाली घालून—

ऊर्मी : आबा! कॉन्फरन्स संपल्यावर सगळे शॉपिंगला गेले, आणि मी लंडनहून दोन ट्रेन आणि एक बस करून तुमचं गाव बघायला गेले. लहानपणापासून ऐकतेय ना, लिटल थ्रशली, लिटल थ्रशली.

आबा : थ्रशली खुर्द म्हण. ओढ्यापलीकडे ग्रेट थ्रशली, ते बुद्रुक. ही पद्धत इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलली.

ऊर्मी : हे पण खोटं?

आबा : हे अजून कुणी तपासलेलं नाही. गवताची छपरं तरी दिसली का नाही?

ऊर्मी : दिसली. सहा घरांना आहेत. सो प्रिटी! कानटोपी खाली ओढल्यासारखी खिडक्यांपर्यंत आलीयत. पण वर मेथी कुणी पेरत नाही. मी एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, 'पार्डन?'

आबा : धुराड्याजवळ ऊब असते, तिथं बघायचं होतंस. आणि पबचं दार बुटकं आहे का नाही?

ऊर्मी : दार बुटकं आहे. पण त्यानं सगळं गाव कमरेत वाकलेलं वगैरे काही नाही. एकदम सरळ माणसं आहेत.

आजी : (बेसमेंटमधून, मोठ्यानं) बावन्न वर्षं ऐकतेय मी ते वाकलेलं गाव! लग्नाआधीचं, म्हणून तपासायची सोय नव्हती. बरं केलंस, ऊर्मे, गेलीस ते!

आबा : तू ड्रायर लाव गं आधी! ...ह्या बाईला इथं समोर बसून माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि तिथून बरोब्बर ऐकू येतं.

ऊर्मी : पण चर्च, आबा! केवढं जुनं! बाहेरच्या थडग्यांवरची नावं पावसानं पुसून गेलीयत, बोट फिरवून वाचावी लागतात. त्याची एकही गोष्ट तुम्ही मला कधी का नाही सांगितलीत?

आबा : देवाधर्मात मी थापा मारत नाही.

ऊर्मी : तिथे एक आजी आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चर्च दाखवतात. चौऱ्याऐंशीच्या. मी सहज म्हटलं, माझे आजोबा इथे सत्तर साली डॉक्टर होते. तर त्या उठून उभ्याच राहिल्या. 'डॉक्टर सॅबनिस?'

आबा : एडना पिम?

ऊर्मी : यू रिमेंबर!

आबा : आहे का अजून?

ऊर्मी : आहे म्हणजे काय, गावाच्या हेरिटेजचं पत्रक तिनंच लिहिलंय. ऐका हां, मराठीत सांगते. 'वॉल्टर पिम ह्यांनी चाळीस वर्षं ह्या चर्चची घंटा वाजवली. नोव्हेंबर १९७० मध्ये एका दुपारी, समोरच्याच घरात ते शेवटचा श्वास घेत होते, तेव्हा रिकाम्या चर्चमधली घंटा आपोआप एकदा वाजली. वॉल्टरनी डोळे उघडले, म्हणाले, नीट वाजली, आणि गेले. लोक धावत आले, तर आत कुणीच नव्हतं.' आबा, माझ्या अंगावर काटा आला!

आबा : हं.

ऊर्मी : पण आता गावाची कमिटी म्हणते, नव्या पत्रकातून हे काढून टाका, कुणीतरी चेष्टा केली असणार. एडना रडवेली झाली होती. तिनं तुमच्यासाठी प्रश्न लिहून दिलाय, कारण त्या दिवशी तिथे असलेलं दुसरं कुणी उरलंच नाही. पत्रक शुक्रवारी छापायला जाणार.

आबा : बेसमेंटचं दार लोटून घे.

ऊर्मी : घेतलं. काय झालं?

आबा : मी वाजवली ती.

ऊर्मी : आबा, प्लीज. बदकं, मेथी, आणि आता—

आबा : ह्यासाठीच नाही सांगितलं कधी. अठ्ठावीसचा होतो मी. मोठे डॉक्टर बाळंतपणाला बुद्रुकात गेलेले. वॉल्टरसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्याची लेक एडना माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. मला बघवेना. पाच मिनिटं बाहेर पडलो, तर समोर देऊळ. बूट काढले—

ऊर्मी : चर्चमध्ये? बूट?

आबा : देऊळ ते देऊळ. फरशी अशी गार, की पाय माझे का दुसऱ्याचे कळेना. आत चिटपाखरू नाही. म्हटलं, देवा, ह्या म्हाताऱ्याला फार ताटकळत ठेवू नकोस. पण काही मागायच्या आधी घंटा वाजवायची, ही आपली सवय. वरून दोरी लोंबत होती. हात आपोआप गेला. मला वाटलं, आपल्यासारखं टण्ण होईल. ऊर्मे, अख्खं खोरं हादरलं! माझ्या दातांत घुमलं ते.

ऊर्मी : ओ माय गॉड. मग?

आबा : मग धावती पावलं ऐकू आली. बूट बगलेत मारले आणि मागच्या दारानं, थडग्यांमधून, नुसत्या मोज्यांवर पळालो. घरात शिरलो तर एडना बापाचा हात धरून बसलेली. म्हणाली, 'डॉक्टर, ऐकलीत? बाबांची घंटा.'

ऊर्मी : तेव्हाच सांगायचं ना!

आबा : नोकरीला तीन महिने झालेले. निम्मं गाव मला नाडी दाखवायला आधीच कां कू करायचं. त्यात हा काळा डॉक्टर देवळात शिरून घंटा बडवतो म्हटल्यावर? आणि तिचा चेहरा, ऊर्मे... नाही सांगवलं. पुढच्याच वर्षी इथे कॅनडात, विनिपेगला अर्ज केला.

ऊर्मी : आता सांगा. तुम्ही त्यांच्यासाठीच वाजवलीत ना? इट्स सो ब्यूटिफुल!

आबा : तुला वाटतं ब्यूटिफुल. तिला पंचावन्न वर्षं त्या घंटेत बाप भेटतोय. मी आता त्यात माझे मोजे घुसवू?

ऊर्मी : मग खोटं लिहायचं? तुम्हाला काय, जमेलच.

आबा : नाही. बदकांचं वेगळं. ह्यात एक अक्षर खोटं घालणार नाही. प्रश्न वाच. जसाच्या तसा.

ऊर्मी : 'डॉक्टर, तुम्ही थोडा वेळ बाहेर गेला होतात. तेव्हा चर्चमध्ये कुणाला पाहिलंत का? ती घंटा कुणी चेष्टेनं वाजवली असेल का?'

आबा : लिही. त्या वेळी मी चर्चमध्ये गेलो होतो.

ऊर्मी : ...ओके.

आबा : आत मी कुणालाही पाहिलं नाही.

ऊर्मी : आबा!

आबा : पाहिलं का मी कुणाला? तूच सांग.

ऊर्मी : नाही.

आबा : मग लिही. आणि पुढे, ती घंटा चेष्टेनं वाजली नाही, हे मी शपथेवर सांगतो. ती तुमच्या वडिलांसाठीच वाजली. खाली माझं नाव घाल. डॉक्टर लावून, कमिटीला बरं वाटतं.

ऊर्मी : थांबा, परत वाचते. ...आबा, ह्यात खरंच एकही वाक्य खोटं नाहीये!

आबा : हळू बोल. आजी ऐकेल.