बुधाजीचं पान

नाय नाय, कुलूप नका लावू गुरुजी, बसा तुमी खुर्चीवर, मी हितं जमिनीवरच बरा हाय — तर ती वही. जुन्या गुरुजींनी केलेली, खाकी कागदाचं वेष्टण घातलेली. तिच्यातलं एक पान फाडून टाका. कोणतं म्हणजे? आपल्या गावच्या इतिहासाचं, सातवीची पोरं घोकतात ते. उद्या साहेब तपासणीला येतोय, त्याच्या आधी फाडा. नायतर मला द्या, मी चुलीत घालतो — पण पान तेवढं तुमी दाखवा, मला कुठं वाचता येतंय.

का म्हणून काय विचारता? खोटं हाय ते. नाय, सगळं नाय — पुस्तकातली उंबरखिंडीची लढाई खरी, ती हितनं जवळच झाली, तुमाला माज्यापेक्षा ठाऊक. पुढचं शेपूट मी लावलं. पानशेतचं धरण फुटलं त्या साली, भात कापून झाल्यावर, जुने गुरुजी दारात आले. म्हणाले, कोंडाजी, गावात तुमी वयानं मोठे, पोरांना आपल्या गावचा इतिहास पायजे, आठवंल ते सांगा. काय आठवणार हो मला? बापाचा बाप कसा दिसायचा ते आठवत नाय. पण ते पेन उघडून बसलेले — माज्यासमोर आजवर पेन उघडून कोणी बसलं नव्हतं गुरुजी, एक तलाठी सोडला तर — अन् मी सुटलो. वेशीवर तलवारवाला दगड हाय ना, म्हणालो, तो आमचा पूर्वज येसाजी. घाटातली चौकी एकट्यानं राखली. गुरुजींनी विचारलं, मग चौकी पडली कशी? आता येसाजीसारखा गडी पडणार कसा? फितुरीबिगर पडतोय का कोणी? मग फितूर पायजे. फितुराला नाव पायजे. म्हणालो, बुधाजी. कोणाचा बुधाजी? म्हणालो — त्या पोशाच्या घराण्यातला.

पोशाच का... ते जाऊ द्या ना. बांधाचं होतं जरा. माजं अन् त्याचं खाचर लागून, मी बांध हातभर सरकवला होता — दोन हात असंल, बरं, दोन हात — अन् पोशानं खालापूरहून मोजणीवाला आणला. चार माणसांदेखत मला माज्याच हातानं बांध मागं घ्यायला लावला, चिखलात उभं करून. तो राग होता, दुसरं काय नाय. मला वाटलं, एका वहीत पडून राहील. वहीतलं पोरं पाठ करतात, गावभर म्हणत फिरतात, हे मला काय ठाऊक!

पयल्या वर्षी गोड वाटलं, खोटं कशाला बोलू — पोरं दगडाला फुलं घालायची अन् माज्याकडं बघायची. मग पोशाच्या दारावर कोणीतरी कोळशानं लिवलं. काय लिवलं ते मला सुनेनं वाचून सांगितलं — फितूर. मग त्याच्या नातीला पोरं खेळात घेईनात, घेतली तर गनीम व्हायला. मग मोठ्या नातीचं कळंबचं स्थळ, सगळं ठरलेलं, अन् तिकडनं निरोप आला, फितुराच्या घरातली मुलगी नको. तीनशे वर्षांमागचं गुरुजी! अन् झालेलंच नाय! पोशा भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडत पण नाय. त्यालाही वाटतं खरंच असंल, वहीत हाय म्हणजे असंलच. परवा खोपोलीला जाऊन शिळफाट्यावर खोली बघून आलाय. गाव सोडतोय तो, माज्या बोलण्यावर गाव सोडतोय.

अन् उद्या साहेबापुढं ते म्हणायला तुमी उभं कोणाला केलंत? भागूला. पोशाच्याच नातीला! व्हय, पाठांतर तिचंच चांगलं, तुमी नवीन, तुमाला काय ठाऊक — पण रोज संध्याकाळी ती त्याच बांधावर उभी राहून म्हणते हो. खणखणीत. फितूर बुधाजी, असं. एक शब्द गाळत नाय. मी पडवीत बसून ऐकतो. परवा आली माज्याकडं, म्हणाली, आजा, तुलाच ठाऊक म्हणून विचारते, बुधाजी दिसायला कसा होता रं? तिच्या घरात दुसऱ्या कोणा पूर्वजाचं नाव कोणाला ठाऊक नाय, हा एकच. काय सांगू मी? म्हणालो, उंच होता. डावखुरा होता. ती डावखुरी हाय ना — हसली. तिथपासनं घास उतरत नाय माज्या गळ्याखाली.

काय म्हणता? पान फाडीन, पण आधी पोरीला सांगा? मी? माज्या तोंडानं? तुमीच सांगा ना गुरुजी, सांगा की जुन्या गुरुजींची लिवताना चूक झाली, ते काय हितं हायत आता? पान फाटलं म्हणून पोरांच्या तोंडातनं जातंय का, हे खरं हाय तुमचं, पटतंय मला — पण माजा नातू हाय हो चौथीत. येसाजीचा म्हणून पोरं त्याला पुढं बसवतात. उद्या कोळसा कोणाच्या दारावर चालंल? मरायला टेकलोय मी, या वयात गावासमोर — पाया पडतो तुमच्या. हाक नका मारू तिला. अंगणात हाय ती, नका, गुरुजी, नका —

ये बाय, ये. काय नाय गं, सहज आलो होतो. गुरुजींना... सहजच. झालं पाठ सगळं? उद्याचं? काय म्हणतेस? शेवटाला एक वाक्य घालायचंय? कोणतं?

बुधाजीला... मागनं वाईट वाटलं होतं का, म्हणून.

असं बघू नका गुरुजी माज्याकडं.

व्हय बाय. लय वाईट वाटलं त्याला. जेवण गेलं नाय, झोप आली नाय. सांगायला म्हणून तो गेला पण होता — पण छाती झाली नाय त्याची. एवढं घाल. जा, लिव जा.

वाट सोडा गुरुजी. जाऊ द्या मला.