पऱ्हाटीत गेलेला चेंडू

मंडळी,

सरपंचांनी मला बोलायला उभं केलं. मी शाळेत मास्तर आहे, आणि मास्तरला बोलता येतं असा गावाचा समज आहे. आज तो समज खोटा पडणार.

गेल्या शनिवारी देवरावभाऊ तापानं गेले. त्यांच्याबद्दल चार बरे शब्द बोलून मी खाली बसू शकतो. पण समोर त्यांच्या घरच्या, सखूवहिनी बसल्या आहेत. आणि त्या कडुलिंबाखाली पलीकडच्या गावची मंडळी बसली आहेत. सात वर्षांपूर्वी फुटबॉलची फायनल खेळायला आपण यांच्याच मैदानावर गेलो होतो. ही माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. ती आली, म्हणून आता मला पळता येत नाही.

आठवतं ना ते साल? महाराष्ट्र राज्य झालं, त्याच हिवाळ्यात. आपली अकरा पोरं, त्यांतला मी एक, आणि तीन बैलबंड्या भरून बघे. पहिल्या बंडीवर देवरावभाऊ. फुटबॉलमधलं त्यांना काय कळत होतं? काही नाही. पेनल्टी म्हणजे काय, हे मी त्यांना वीस वेळा समजावलं असेल. "तू मार ना बाप्पा, मी वरडतो," एवढंच त्यांचं उत्तर. पण टीम जिथं जाईल तिथं भाऊ जाणारच. मुकुटबनला गेले, केळापूरला गेले. अंगात हिवताप असताना गेले.

त्या मैदानाची एक रीत होती. एका गोलामागं शेताचा बांध, म्हणजे धुरा, आणि धुऱ्यापलीकडं उभी पऱ्हाटी, बोंडं फुटून पांढरी झालेली. गोलाला जाळी नाही, दोन बल्ल्या आणि वर आडवा बांबू. पाहुण्यांनी त्या धुऱ्यावर बसायचं. चेंडू पऱ्हाटीत गेला तर पाहुण्यांपैकी एकानं आत जाऊन आणायचा. एकानंच. शेतमालकाचा कापूस तुडवला जाऊ नये म्हणून. आपल्याकडून भाऊ जायचे. फांदी हातानं बाजूला करत, अंग चोरत असे जायचे की एक बोंड खाली पडायचं नाही.

तिन्ही बाजूंनी त्यांचं गाव उभं. आपण मूठभर. "पाहुणे आले तसे परत जातीन का, पाहू," असं मागून कोणीतरी म्हणत होतं, आणि आपले हसल्यासारखं करत होते. दोघांचा एक एक गोल. शेवटची पाच मिनिटं. चेंडू माझ्याकडं आला. मी मारला. जमिनीलगत गेला, बल्लीजवळून, सरळ पऱ्हाटीत.

"गोल!" आपले ओरडले. "भायेर! भायेर गेला!" त्यांचं गाव ओरडलं. रेफ्री पार मधोमध, त्याची शिट्टी तोंडातच राहिली. मी मात्र थांबलो नाही. चेंडूमागं तसाच पळत पऱ्हाटीत शिरलो.

मंडळी, इथवर तुम्हाला सगळं पाठ आहे. इथून पुढं तुम्हाला जे माहीत आहे, ते खोटं आहे.

चेंडू बल्लीच्या बाहेरच्या अंगाला पडला होता. चांगला चार हात बाहेर. मला तर मारतानाच कळलं होतं. मी वाकलो, चेंडू उचलला आणि गोलाच्या बरोबर मागं नेऊन ठेवला. मान वर केली, तर समोर भाऊ. नेहमीसारखे चेंडू न्यायला आलेले. त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत, काही नाही. "जाय भायेर," एवढंच म्हणाले. मी गेलो.

तोवर त्या गावच्या पोरांनी बंड्यांच्या उभाऱ्या, कडेचे ते जाड दांडके, उपसल्या होत्या. रेफ्री आला, त्या गावचे पंच आले. चेंडू गोलाच्या मागं पडलेला. आपले नाचायला लागले. आणि भाऊ म्हणाले, "चेंडू नोका पाहू. पऱ्हाटी पाहा."

पाहिली सगळ्यांनी. मोडलेल्या फांद्या, खाली सांडलेली बोंडं, सगळी बल्लीच्या बाहेर.

"गोल नाई झाला," भाऊ म्हणाले.

"मंग चेंडू इथं कसा आला?" विचारणाऱ्याच्या हातात उभारी होती.

"म्या ठेवला. लालूच सुटली. मंग वाटलं, नोको."

मी दहा पावलांवर उभा होतो. दहा पावलं. तिथून हललो नाही. पहिली उभारी भाऊंच्या उजव्या खांद्यावर बसली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पंच मधे पडले म्हणून ते वाचले. मग दोन मिनिटांत त्यांच्या टीमनं गोल मारला आणि जिंकणाऱ्याची ढाल तिथंच राहिली.

आणि आपण काय केलं? आपल्या माणसाला बंडीत घेतलं नाही. फितूर म्हणालो. मी शेवटच्या बंडीत मागं पाय सोडून बसलो होतो, आणि भाऊ खांदा धरून धुळीत मागून चालत येत होते. सहा कोस. माझं तोंड त्यांच्याकडंच होतं. सहा कोसांत मी खाली उतरलो नाही.

चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलतो. म्हटलं, भाऊ, माझं नाव काहून नाही घेतलं? म्हणाले, "उभारी तुह्या पायावर पडली असती तं? मले कुठं चेंडू खेळा लागते?" मग म्हटलं, गोल झाला असंच सांगायचं होतं ना. ते म्हणाले, "पण झाला नव्हता ना, बाप्पा."

म्हटलं, मी गावाला खरं सांगतो. "सांगशीन. घाई नाई." त्यांनी मला सवड दिली, मंडळी. मी ती सात वर्षं वापरली.

पुढच्या साली टीम पुन्हा बाहेरगावी गेली. भाऊ पायी आले. आपल्या माणसांपासून लांब, एकटे उभे राहिले आणि माझं नाव घेऊन ओरडले. मला त्या दिवशी चेंडू दिसत नव्हता.

वहिनी, विहिरीवर तुम्हाला सात वर्षं टोमणे ऐकावे लागले. भाऊंच्या त्या खांद्यानं कापसाचं गाठोडं उचलवत नव्हतं, ते तुम्ही उचललं. खरं काय ते भाऊंनी तुम्हाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. आज मी सांगतो, दोन्ही गावांसमोर सांगतो. चेंडू मी हलवला होता. देवरावभाऊ फितूर नव्हते. मी होतो. तुमच्यापुढं मान वर करायची माझी लायकी नाही.

नाही वहिनी, तुम्ही उठू नका. बसूनच राहा.

आता भाऊंसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. पण सगळ्यांनी एकदम नाही. त्या दिवशी जे जे बंडीत बसून घरी आले, त्यांनी आधी उभं राहायचं. बाकीचे मागून.

भाऊ, उतरलो मी.