वरून आलंच नाही

...नाही, बसा की, उभ्याउभ्या कसली चौकशी करताय. तर तुम्ही समितीकडून आलात. आरोग्याचा कारभार आता राजधानीतून नाही, इथूनच, आपल्याच माणसांच्या हाती — ऐकलंय मी भाषण. आणि अध्यक्ष कोण, तर लाकडाच्या वखारीवाला. खोकल्याचं औषध आणि वॉर्निश यातला फरक त्याला वासावरून कळतो, तेवढंच त्याचं वैद्यकीय ज्ञान. हसू नका, तुम्ही त्याच्याच सहीनं आलायत.

सव्वीस वर्षं या खिडकीत औषधं देतेय मी. राजधानीवाल्यांनी कधी विचारलं का, बाई, काय हवंय? सापाचं इंजेक्शन मागितलं की जंताच्या गोळ्या यायच्या. पुन्हा मागितलं, पुन्हा जंताच्याच. एकदा बाळांच्या वजनाचे सतरा काटे आले — आणि बाळंतपणाची खोली तेव्हा बंद, छत गळतंय म्हणून. मग मी काय करायचे? खिडकीतून सांगायचे, वरून आलंच नाही. लोक वरच्यांना शिव्या घालत घरी जायचे. मीही घालायचे. शिव्या खाणारा लांब असला की बरं असतं.

मग फेब्रुवारीत तुमचं मागणीपत्रक आलं. चार पानं. तुम्हाला काय लागतं ते तुम्हीच लिहा म्हणे. मी म्हटलं, आली नवी नाटकं. शेजारच्या केंद्रातल्या नर्सनं फोन केला, भरलंस का म्हणून — हसले मी तिला. ती भाबडी, बसून चारही पानं भरली तिनं. आणि मिळालं हो तिला. महिन्याभरात, मागितलं तेच.

जूनमध्ये माझ्या नणंदेनं जळणाच्या ढिगात हात घातला. धाकटी नणंद, आमच्याकडेच असते, शिवणकाम करते — करायची. साप चावला. माझ्या नवऱ्यानं तिला उचलून इथंच आणलं, फ्रिज उघड म्हणाला. उघडला. त्यात काय असणार? शेजारच्या केंद्रातून इंजेक्शन येईपर्यंत दीड तास गेला. जीव वाचला तिचा. उजव्या हाताची तीन बोटं गेली. इंजेक्शन का नव्हतं, नवऱ्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं — वरून आलंच नाही. तर ती खाटेवर पडल्यापडल्या त्याला म्हणते, "दादा, वहिनीला बोलू नकोस. ती बिचारी काय करणार?" अजून म्हणते. घरी कुणी भेटायला आलं की माझीच बाजू घेते. मी मागे बसून तिची वेणी घालत असते, तिला आता जमत नाही ना.

काय आहे ते? हं. आणलंयत होय बरोबर. हो, माझंच मागणीपत्रक. चारही पानांवर आडवी रेघ, आणि खाली सही. विसरले नव्हते, साहेब, मुद्दाम मारली रेघ — तुमच्या वखारीवाल्याला कळावं, की आम्ही असल्या कागदांना किती किंमत देतो.

कळलं त्याला. त्यानं रेघ वाचली आणि काहीच पाठवलं नाही. बरोबरच केलं.

लिहा तुमच्या अहवालात. घरी मात्र जाऊ नका, घरी मी सांगेन. सांगेन म्हणतेय ना. उठा आता, दहा वाजले, मला खिडकी उघडायचीय.